फूटपाथ मावशीचा, रस्ता वॉचमनचा. मग सायकल मार्ग कुणाचा?

पौर्णिमेची सकाळ होती. सहा वाजले असतील. आमच्या वस्तीतील एक मावशी पांढरी साडी नेसून, हातात फुलांची पिशवी घेऊन विहाराकडे निघाल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. पुण्याचे रस्ते झाडण्यात आयुष्य घालवून महापालिकेतून निवृत्त झालेल्या. फूटपाथवरून चालत असताना समोरून, म्हणजे उलट्या दिशेने, एक सायकल आली. सायकलीला ना घंटी, ना दिवा. मावशी एका बाजूला सरकल्या, सायकलवालाही त्याच बाजूला सरकला आणि धडक झाली. मावशींच्या मनगटाचे हाड मोडले.

सायकलवाला कोण होता? मराठवाड्यातून आलेला आपल्याच समाजाचा एक वॉचमन. रात्रीची बारा तासांची ड्यूटी संपवून घरी निघालेला. मावशी खाली पडल्यावर तो पळून गेला नाही. त्याने रिक्षा थांबवली, मावशींना दवाखान्यात नेले आणि दवाखान्याच्या बाकावर डोके धरून बसला. आम्ही पोचलो तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "जयभीम वकीलसाहेब. माझं चुकलं. पण नोकरी जाईल हो माझी."

दुपारपर्यंत हे प्रकरण आसपासच्या सोसायट्यांत पोचले. एक सुशिक्षित गृहस्थ मुद्दाम आमच्याकडे आले. "तुम्ही तक्रार नोंदवाच," ते म्हणाले. "या सायकलवाल्यांना अजिबात शिस्त नाही. उलटे येतात, सिग्नल पाळत नाहीत, फूटपाथवर चढतात. एकाला तरी धडा शिकवला पाहिजे." त्यांचे बोलणे सर्वस्वी खोटे नव्हते. मात्र ज्या रस्त्यावर हा अपघात झाला त्या रस्त्याला महापालिकेने सायकल मार्ग आखून दिलेला आहे आणि त्या मार्गावर रात्रंदिवस मोटारी उभ्या असतात. त्या मोटारी कुणाच्या, हे विचारल्यावर गृहस्थांनी विषय बदलला.

हा प्रसंग छोटा आहे. वर्तमानपत्रात त्याची दोन ओळींची बातमीही आली नाही. तरीही आम्ही त्यावर लिहितो आहोत, कारण सायकलवाल्यांच्या 'शिस्ती'वर आज शहरात फार चर्चा चालते. पादचारी सायकलवाल्यावर चिडतो, सायकलवाला मोटारवाल्यावर चिडतो, मोटारवाला सगळ्यांवर चिडतो. या चिडचिडीत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. रस्त्याची वाटणी कुणी केली आणि त्या वाटणीत कुणाच्या वाट्याला काय आले?

वाटणीचा हिशेब तपासू. आम्ही त्या जागी जाऊन पाहिले. वॉचमन ज्या सोसायटीत कामाला आहे तिच्या फाटकातून बाहेर पडले की समोर दुभाजक. घरी जायचे तर उजवीकडे वळायचे, पण दुभाजकाला वळण आहे ते जवळजवळ एक किलोमीटर पुढे. मोटारवाल्याला एक किलोमीटर म्हणजे दोन मिनिटे. रात्रभर जागलेल्या, पायाने सायकल रेटणाऱ्या माणसाला जाऊन-येऊन दोन किलोमीटर. म्हणून तो उलटा येतो. रस्त्यावरून उलटे यावे तर समोरून भरधाव वाहने, म्हणून तो सायकल मार्गावर जातो. सायकल मार्गावर मोटारी उभ्या, म्हणून तो फूटपाथवर चढतो. आणि फूटपाथवर त्याला भेटते कोण? मोटारवाला भेटत नाही. त्याला भेटते त्याच्याच आईच्या वयाची, त्याच्याच समाजाची एक म्हातारी. रस्ता आखणाऱ्याची चूक अशी खाली खाली घसरत येते आणि शेवटी सर्वात खालच्या दोन माणसांना एकमेकांवर आदळते.

आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला रस्त्याचा इतिहास नव्याने सांगायला नको. तरीही पुण्यात बसून लिहिताना तो आठवतोच. पेशवाईत याच शहरात अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात नोंदवून ठेवले आहे. रस्त्यावर थुंकी पडू नये, पावलाची खूण राहू नये, सावली पडू नये, अशी ती 'शिस्त' होती. तीही शिस्तच म्हणवली जात होती! 1924 मध्ये त्रावणकोरमधील वायकोम येथे जो सत्याग्रह सुरू झाला तो मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. दीड वर्षाच्या लढ्यानंतर तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेकडचा तेव्हाही राखीवच राहिला. 1927 च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे मूळ सूत्रही हेच होते. सार्वजनिक पैशातून जे उभे राहते ते सर्वांचे आहे.

हे सूत्र संविधानात उतरले. अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या रांगेतच 'रस्ते' हा शब्द आहे. हा शब्द आपण वाचताना फार पटकन ओलांडून जातो. विहीर आणि तळे आपल्या आठवणीत आहे, रस्ता राहत नाही. पण सरकारी निधीतून बांधलेल्या रस्त्याच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणावरही निर्बंध लादता येणार नाही, असे संविधान स्पष्ट सांगते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे आणि ती आमच्या कित्येक वकील मित्रांनाही ठाऊक नसते. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्यात 2015 च्या दुरुस्तीने नवे गुन्हे समाविष्ट झाले आणि ती दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून अमलात आली. त्यातील कलम 3(1)(झेडए) अन्वये अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, पायात चप्पल अथवा अंगात नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास वा वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा आणणे हा गुन्हा आहे. अर्थात आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असला पाहिजे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल पाच वर्षे आणि दंड. त्याच कलमात रस्ता आणि वहिवाटीची वाट अडवण्याचाही उल्लेख आहे.

वाचकहो, जरा थांबून विचार करा. भारताच्या संसदेला एकविसाव्या शतकात, सायकल चालवू न देणे हा गुन्हा आहे, असा कायदा करावा लागला. हवेतून कायदे होत नाहीत. दक्षिणेत आणि उत्तरेत अशी गावे होती आणि आहेत, जिथे आपल्या माणसाने सवर्ण आळीतून जाताना सायकलवरून खाली उतरायचे, सायकल हातात धरून चालत जायचे, आळी संपली की पुन्हा चढायचे. सायकलची सीट जमिनीपासून जेमतेम तीन फूट उंच. तेवढी उंचीसुद्धा सहन झाली नाही! सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके ओट्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या बरोबरीला येते. मूळ दुखणे तेच.

म्हणूनच या चळवळीत सायकलला मानाचे स्थान आहे. मान्यवर कांशीरामजी पुण्याच्या किरकीतील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. इथेच त्यांना बाबासाहेब वाचायला मिळाले आणि इथूनच ते चळवळीत आले. 1983 मध्ये डीएस-4 च्या माध्यमातून त्यांनी काढलेल्या सायकल मोर्चाने उत्तरेतील गावागावांत बहुजनांचा विचार पोचवला. दोन पाय आणि दोन चाके यांच्या जोरावर काय होते, ते देशाने पुढे पाहिले. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991-92 च्या सुमारास साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, दगडखाणीत काम करणाऱ्याही होत्या. त्यांनाही आधी टोमणे ऐकावे लागले. बिहारने 2006 मध्ये शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना आणली आणि नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींची संख्या वाढली. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना सायकली मिळाल्या. सायकल शिक्षणाच्या दारापर्यंत नेते, हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचे वडील खडकीच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या सायकलीच्या पुढच्या दांडीवर बसून आम्ही पहिलीत गेलो आणि त्याच सायकलीच्या कॅरिअरला पुस्तके बांधून पुढे विधी महाविद्यालयात गेलो.

त्या काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघे. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट यांवर पोलिसांचा डोळा असे. वडिलांच्या तरुणपणी सायकलीला पालिकेचा पितळी बिल्ला लावावा लागे, तो बिल्ला त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवला होता. म्हणजे त्या काळचा कामगार सायकलीसाठी करही भरत होता. 'सायकलवाले कर भरत नाहीत, मग त्यांना रस्ता कशाला?' असा प्रश्न आज जे विचारतात त्यांना हे सांगितले पाहिजे. शिवाय आजही शहरातले रस्ते महापालिकेच्या आणि सरकारच्या तिजोरीतून होतात. साबणाच्या वडीवर कर भरणारा प्रत्येक जण त्या तिजोरीत भर घालतो.

आता सायकल चालवणारे दोन प्रकारचे दिसतात. एक आमचा वॉचमन, पेपरवाला, दूधवाला, भंगार गोळा करणारा, बांधकामावरचा मजूर. दुसरा रविवारी पहाटे हेल्मेट घालून, हजारो रुपयांच्या सायकलीवर, जथ्याने निघणारा हौशी सायकलस्वार. हौशी सायकलस्वारावर आमचा राग नाही. आरोग्यासाठी कुणी सायकल चालवत असेल, पर्यावरणाचा विचार करत असेल, तर स्वागतच आहे. पण एक फरक नोंदवावाच लागेल. हौशी सायकलस्वार जथ्याने रस्ता अडवून चालला तर त्याचा फोटो छापून येतो. वॉचमन एकटा उलटा आला तर तो बेशिस्त ठरतो. पहिल्याची सायकल ही त्याची निवड आहे, दुसऱ्याची त्याच्या पगाराची मर्यादा आहे. नियोजन करताना टेबलाभोवती पहिला बसलेला असतो, दुसरा त्याच इमारतीच्या फाटकावर उभा असतो.

आकडे काय सांगतात? 2011 च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात याची मोजणी झाली. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे साडेचार कोटी लोक पायी आणि सुमारे 2 कोटी 60 लाख लोक सायकलने कामावर जात होते. मोटारीने जाणारे एक कोटीही नव्हते. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर स्पष्ट म्हटले होते की रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांचा विचार करून वाटली पाहिजे. पुणे महापालिकेनेही 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे कागदावर आखले. त्या आधी 2006 च्या बीआरटी प्रकल्पाबरोबर सातारा आणि सोलापूर रस्त्यावर सायकल मार्ग झाले होतेच. कागद उत्तम आहेत. रस्त्यावर जाऊन पाहा. सायकल मार्ग मध्येच संपतो, मध्येच झाड येते, मध्येच विजेचा डीपी येतो आणि उरलेल्या जागेत वाहने उभी असतात.

आणि जिथे सरकार कडक होते तिथे ते कुणावर कडक होते? कोलकात्यात 2013 मध्ये पोलिसांनी शहरातील 174 रस्त्यांवर सायकल चालवण्यास बंदी घातली. कारण दिले वाहतुकीच्या वेगाचे. फटका बसला तो पेपर टाकणाऱ्यांना, दूध-मासळी पोचवणाऱ्यांना, कारागिरांना. पर्यावरणाची सर्वात कमी हानी करणारे वाहन गुन्हेगार ठरले आणि धूर सोडणारे निर्दोष!

मुंबईचे उदाहरण याच्या उलट दिसते, पण मुळात एकच आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेला पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या हजारो कुटुंबांच्या झोपड्या जलवाहिनीच्या सुरक्षेचे कारण देऊन, उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हटवल्या गेल्या. पाण्याच्या सुरक्षेचे कारण आम्ही नाकारत नाही. पण त्यांतील अनेकांना पाठवले कुठे? तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीतील माहुलला, जिथली हवा प्रदूषित असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच नोंदवले होते. आणि मोकळ्या झालेल्या जागेवर महापालिकेने कशाची घोषणा केली? 39 किलोमीटरच्या सायकल मार्गाची! माहुलची माणसे विद्याविहारला रस्त्याच्या कडेला आंदोलनाला बसली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दरमहा 15 हजार रुपये भाडे द्या, असा आदेश दिला, तेव्हा कुठे शासनाला जाग आली. सायकल मार्ग हवाच, पण गरिबाचे घर उठवून, त्याला विषारी हवेत लोटून, त्याच्या अंगणातून इतरांनी शुद्ध हवेसाठी सायकल फिरवायची, हा कुठला न्याय? असा मार्ग झाला तरी त्या उठवलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? तो तर माहुलला आहे!

इथपर्यंत वाचून आमच्या वाचकांना समाधान वाटले असेल. दोष व्यवस्थेचा ठरला की आपण मोकळे होतो. पण आम्ही मावशींना विसरलेलो नाही. मनगट त्यांचे मोडले आहे.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेबरोबर बंधुता सांगितली आणि बंधुतेशिवाय पहिल्या दोन गोष्टी टिकणार नाहीत, असेही बजावले. बंधुतेची परीक्षा सभेत होत नसते. ती अरुंद वाटेवर होते, जिथे आपण सायकलवर असतो आणि समोर म्हातारे माणूस असते. तिथे खाली उतरून दोन पावले चालायला काय लागते? सवर्णांच्या आळीत मान झुकवून उतरणे वेगळे. ते सक्तीचे होते, अपमानाचे होते, ते आपण मोडले आणि कायद्यानेही गाडले. पण म्हाताऱ्या माणसासाठी, गरोदर बाईसाठी, अंगणवाडीत निघालेल्या लेकरासाठी स्वतःहून उतरणे यात कमीपणा कसला? कुणापुढे उतरायचे नाही आणि कुणासाठी उतरायचे, हे ज्याला कळले त्याला मैत्री कळली.

आणि दोष केवळ सायकलस्वाराचा नाही. आमच्या वस्तीतील तरुण सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली बोळांतून पिटाळतात, तेव्हा सायकलवर शाळेला निघालेली आपलीच पोर भिंतीला चिकटते. जयंतीच्या दिवशी आपण रस्ता अडवतो आणि रुग्णवाहिका अडकते. पूर्वी आपल्याला रस्त्यावर येऊ देत नव्हते म्हणून आता आपण दुसऱ्याला येऊ देणार नाही, असे बाबासाहेबांनी कधीही शिकवले नाही. हे लिहिल्यावर काही मित्र रागावतील. रागवावे. घरच्या माणसाने सांगितलेले घरात ऐकावे.

एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. विहारातील चर्चेत एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, "साहेब, आपल्या बापजाद्यांनी पायी आणि सायकलवर आयुष्य काढलं. आता कुठं आमच्याकडं बाईक आली, कुणाकडं कार आली. आणि आता तुम्ही आम्हाला परत सायकलवर बसवता? बाबासाहेब तर सुटाबुटात मोटारीतून फिरत होते." टाळ्या पडल्या. आम्हीही मनातून टाळी दिली. मोटारसायकल विकत घेऊन गावच्या चावडीसमोरून नेणे हा आपल्याकडे साधा व्यवहार नाही, ते स्वाभिमानाचे विधान असते. आम्ही कुणालाही सायकलवर बसा म्हणत नाही. ज्याला मोटार घेता येईल त्याने खुशाल घ्यावी. आमचे म्हणणे इतकेच की ज्याला सायकल चालवावीच लागते तो जिवंत घरी पोचला पाहिजे. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत पादचारी 32 हजारांहून अधिक आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक. मोटार घेणाऱ्या आपल्या भावाने हे विसरू नये की त्याची आई अजून पायीच विहारात जाते.

आता कायद्याचे बोलू, कारण अपघातानंतर धावपळ आमच्याकडेच होते.

सायकलस्वारालाही कायदा लागू आहे. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे हा कलम 281 अन्वये गुन्हा आहे, सायकल त्यातून सुटत नाही. निष्काळजीपणामुळे हाड मोडले तर ती जबर दुखापत ठरते आणि कलम 125 अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायकलीला विमा नसतो, म्हणून जखमी माणसाला भरपाई मागायची तर सायकलवाल्याच्याच खिशाकडे पाहावे लागते आणि त्या खिशात काही नसते. दुसरीकडे, मोटारीने सायकलस्वाराला उडवले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. तो शक्यतो सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. तिथे विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की सायकलीला दिवा होता का, रिफ्लेक्टर होता का, सायकलस्वार कुठल्या बाजूने येत होता. चूक त्याचीही होती असे ठरले की भरपाई कापली जाते. पन्नास रुपयांच्या रिफ्लेक्टरसाठी विधवेची भरपाई अर्धी होऊ देऊ नका. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तरीही मार्ग आहे. 1 एप्रिल 2022 पासून अशा प्रकरणी मृत्यूसाठी 2 लाख आणि जबर जखमेसाठी 50 हजार रुपयांची तरतूद आहे. आपल्या वस्त्यांत किती जणांनी त्यासाठी अर्ज केले? अर्ज करायचा असतो हेच माहीत नसते.

फूटपाथचेही तसेच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना सुरक्षित फूटपाथ मिळणे हा अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि राज्यांना त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. फूटपाथ किंवा सायकल मार्गावर मोटार वाहन चालवण्यास तर नियमाने आधीपासून मनाई आहे. कायदा आपल्या बाजूला आहे. अर्ज लिहिणारा हात मात्र आपल्याला पुढे करावा लागेल.

म्हणून आमचे आवाहन आहे. प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील सायकलवर कामाला जाणाऱ्यांची यादी करावी. वर्गणीतून त्यांच्या सायकलींना घंटी, दिवा आणि रिफ्लेक्टर बसवून द्यावा. पुण्यातील वस्त्यांनी महापालिकेच्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकात दरवर्षी कमानी आणि बाकडीच न मागता दुभाजकाचे वळण, रस्त्याचा दिवा आणि सलग फूटपाथ मागावा. सायकल मार्गासाठी मंजूर झालेला निधी कुठे गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. हौशी सायकलस्वारांच्या मंडळांना विहारात बोलवावे. त्यांच्याकडे नियोजनाच्या टेबलापर्यंत पोचणारा आवाज आहे, आपल्याकडे रोज रस्त्यावर असणारी माणसे आहेत. दोघे एकत्र गेले तर आयुक्तांना भेट नाकारता येणार नाही. आणि खेड्यात आपल्या माणसाला सायकलवरून उतरवण्याचा प्रकार घडला, तर तो गावकीत मिटवू नये. कलम वर दिले आहे, ते कापून ठेवावे.

राहिली मावशींची गोष्ट. त्यांनी तक्रार दिली नाही. आम्ही कायदा समजावून सांगितला, निर्णय त्यांच्यावर सोडला. त्या म्हणाल्या, "त्याला आत टाकून माझा हात जुळणार हाय का? पण वकीलसाहेब, त्याला एक सांगा. फूटपाथ माझा हाय. तीस वर्षं म्या झाडलाय." वॉचमनने मान खाली घातली. पुढचे दीड महिने त्याची बायको रोज संध्याकाळी येऊन मावशींच्या भाकरी थापून जात होती.

लोक याला माणुसकी म्हणतील आणि ती आहेच. पण वकील म्हणून आम्हाला त्याचे समाधान नाही. भरपाई त्या बाईने आपल्या हातांनी केली, जिचा अपघाताशी काही संबंध नव्हता. दुभाजक ज्यांनी आखला त्यांनी काही दिले नाही. सायकल मार्गावर गाड्या लावणाऱ्यांनी काही दिले नाही. गरिबाने गरिबाचे भरून दिले आणि फाईल न उघडताच बंद झाली.

त्या दुभाजकाच्या वळणासाठी आम्ही क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला आहे. अर्जावर पहिली सही वॉचमनची आहे. दुसरी सही मावशींची. हात बरा झाल्यावर त्यांनी ती सावकाश केली, पण अंगठा लावला नाही.

जयभीम!